जी विमानं आलीच नाहीत त्यांना रंग देताना : भारतीय व्हिगेन आणि इतर कल्पित विमानं

धावपट्टी | शनिवार, रात्री १०:४०

मंडळी, सोबत एक चित्र जोडलंय. आधी ते नीट पाहा आणि मग पुढे वाचा.

चित्रात स्वीडनच्या साब कंपनीचं व्हिगेन हे लढाऊ विमान आहे. पंखांवर भारतीय हवाई दलाचं चक्र, बाहेर केशरी, मध्ये पांढरं, आत हिरवं. शेपटीवर तिरंगी पट्टा. मागे अंबाल्याची धावपट्टी, हिवाळ्यातली सकाळ, साल अंदाजे १९८१. हे विमान भारताकडे कधीच नव्हतं. एका स्वीडिश व्हिगेनच्या फोटोवर मी ते तीन आठवडे बसून रंगवलंय. मूळ फोटो मुक्त परवान्याचा आहे आणि छायाचित्रकाराचं श्रेय चित्राच्या माहितीत दिलं आहे.

व्हिगेनच का, ते सांगतो. सत्तरच्या दशकात हवाई दलाला कॅनबेरा आणि हंटरच्या जागी शत्रूच्या प्रदेशात खोलवर जाऊन मारा करणारं विमान हवं होतं. ब्रिटिश-फ्रेंच जॅग्वार, फ्रेंच मिराज एफ-१ आणि स्वीडनचं व्हिगेन हे तिघं स्पर्धेत होते. व्हिगेन पहिल्यांदा उडालं ८ फेब्रुवारी १९६७ ला. ५०० मीटरच्या रस्त्यावर उतरू शकणारं, पुढे छोटे पंख आणि मागे मोठा त्रिकोणी पंख असलेलं हे विमान त्या काळात फार पुढचं होतं. पण त्याचं आरएम-८ इंजिन व्होल्वोने प्रॅट अँड व्हिटनीच्या जेटी-८डी वरून बेतलेलं होतं. म्हणजे इंजिनाचं मूळ अमेरिकन, आणि अमेरिकेच्या परवानगीशिवाय ते विमान तिसऱ्या देशाला विकता येत नव्हतं. १९७८ मध्ये अमेरिकेने नकार दिला. त्याच वर्षी भारताने जॅग्वार निवडलं.

मला यात सगळ्यात जास्त काय लागलं असेल तर हे: इंडियन एअरलाइन्सची बोइंग ७३७-२०० विमानं त्याच जेटी-८डी कुळातल्या इंजिनांवर सांताक्रूझहून रोज उडत होती. प्रवासी नेणारं इंजिन चाललं, बॉम्ब नेणारं चाललं नाही.

हे कारण हाती लागल्याशिवाय मी चित्राला हात लावला नाही. परक्या विमानावर आपलं चक्र चिकटवणं दहा मिनिटांचं काम आहे. माझ्या लेखी कल्पित विमानाचं चित्र तेव्हाच काढावं, जेव्हा ते खरं का झालं नाही हे काढणाऱ्याला सांगता येतं. तुमचं काय मत? आणि चित्रातल्या चुका दाखवा. मनापासून हव्या आहेत.

---

डिकॅल | शनिवार, रात्री ११:१५

वा! धागा काढल्याबद्दल आभार. हा छंद मुळात आम्हा मॉडेलवाल्यांचा. प्लॅस्टिकचं किट एका देशाचं आणि डिकॅल (म्हणजे वर चिकटवायच्या खुणा) दुसऱ्या देशाचे, हे संगणकाच्या कितीतरी आधीपासून चालत आलंय. फोटोशॉपमध्ये १९९४ साली लेयर, म्हणजे एकावर एक ठेवायचे थर, आले आणि तेच काम पडद्यावर करता येऊ लागलं.

तुमच्या 'कारण आधी' या मुद्द्याला माझा पाठिंबा, एका उदाहरणासह. शहांच्या, म्हणजे तिथल्या राजाच्या काळात इराणने अमेरिकेकडून १६० एफ-१६ लढाऊ विमानं मागवली होती. १९७९ ला क्रांती झाली, करार मोडला. त्या मागणीतली विमानं इस्रायलकडे वळली आणि पहिली चार जुलै १९८० मध्ये तिथे पोचली. ७ जून १९८१ ला इराकच्या ओसिराक अणुभट्टीवर ज्या आठ एफ-१६ नी बॉम्ब टाकले, ती याच तुकडीतली. मी इराणी एफ-१६ चं मॉडेल केलंय, शहांच्या काळातलं. ते कपाटात ठेवलं की पाहुणे 'रंग छान आहे' म्हणतात. ही हकिकत सांगितली की तेच पाहुणे कपाटाजवळून हलत नाहीत.

याउलट इराणची एफ-१४ खरीच आहेत. ८० मागवली होती, ७९ मिळाली, अमेरिकेबाहेर दुसऱ्या कुणालाच मिळाली नाहीत. पण वाळूच्या रंगातलं टॉमकॅट, म्हणजे हेच एफ-१४, दाखवलं की लोक हमखास म्हणतात, हे एडिट केलंय.

---

मृण्मयी_उत्तरेकडून | रविवार, पहाटे ३:०५

नमस्कार धावपट्टी. मी लिंकोपिंगला राहते, साब कंपनीच्या गावात. इथल्या हवाई दल संग्रहालयात मुलांना घेऊन इतक्या वेळा गेलेय की व्हिगेन आता घरातलं वाटतं. चित्र फार सुंदर जमलंय. तरी तीन गोष्टी खटकल्या.

कॉकपिटच्या खाली लाल अक्षरांत 'फारा' तसंच राहिलंय. स्वीडिशमध्ये त्याचा अर्थ 'धोका'. भारतात आलेल्या विमानावर ते इंग्रजीत किंवा हिंदीत असतं.

डाव्या पंखावरच्या चक्राच्या पांढऱ्या वर्तुळात पिवळट झाक दिसते. खाली स्वीडनचे तीन मुकुट होते ना, निळ्यावर पिवळे? ते पूर्ण पुसले गेलेले नाहीत. मोठं करून पाहिलं तर एका मुकुटाचं टोक कळतं.

तिसरी गोष्ट मोठी आहे. तुम्ही रंगसंगती स्वीडिशच ठेवलीय: फिकट हिरवा, गर्द हिरवा, मातकट आणि काळा, काचेच्या तुकड्यांसारखे कोनदार पट्टे. इथे त्या नक्षीला 'शेतं आणि कुरणं' या अर्थाचं नाव आहे. इथली जमीन वरून पाहिली की कळतं का ते. सूचिपर्णी झाडांचं काळपट रान, मध्येच कापलेलं शेत, कडा सरळ. हे झाकण या जमिनीसाठी शिवलंय. पंजाब-राजस्थानच्या सीमेवर ते काय कामाचं?

---

अथर्व२००७ | रविवार, सकाळी ९:२०

दादा, तीन आठवडे कशाला? एआयला सांगितलं की अर्ध्या मिनिटात देतं. मी आत्ताच करून पाहिलं, खाली जोडतोय.

---

डिकॅल | रविवार, सकाळी ९:५०

अथर्व, जोडलेलं चित्र पाहिलं. मागे दोन नळकांडी आहेत, व्हिगेनला इंजिन एकच. पुढचा छोटा पंख इनटेकमधून (इंजिनासाठी हवा आत घेणाऱ्या तोंडापासून) न निघता कॉकपिटमधून निघालाय. चक्रात हिरवा बाहेर गेलाय. तू चिडू नकोस, पण या तिन्ही गोष्टी तुला दिसल्या नाहीत, कारण तू विमानाकडे पाहिलंच नाहीस. एडिट करणाऱ्याला प्रत्येक फट, प्रत्येक झाकण हाताखालून न्यावं लागतं. तीन आठवडे त्यासाठी लागतात.

---

ओझरकर | रविवार, सकाळी ११:३०

मी नाशिकजवळ ओझरच्या विमान कारखान्यात अनेक वर्षं रंगकामावर होतो. मिग-२१ माझ्या हाताखालून गेली, नंतर मिग-२७. आता निवृत्त आहे. मुलीने हा धागा दाखवला म्हणून खाते उघडले. टंकलेखन हळू आहे, समजून घ्या.

धावपट्टी, तुमचे चक्र फार गुळगुळीत आहे. पंखावर त्याची मागची कड हलणाऱ्या भागावर जाते. खऱ्या विमानावर तिथे वर्तुळ तुटते. जमिनीवर उभ्या विमानात तो भाग थोडा खाली झुकलेला असतो, म्हणून वर्तुळाचा तुकडा सरकलेला दिसतो. आणि फटीच्या आतल्या कडेलाही रंग गेलेला असतो, कारण फवारणी करताना तो जातोच. तुमच्या चित्रात फट काळी आहे आणि दोन्ही बाजूंना केशरी अगदी जुळलेला आहे.

दुसरे. नेहमी उघडावी लागणारी झाकणे असतात. ती काढली, घातली, कधी दुसऱ्या विमानाची बसवली, की त्यावरच्या खुणा जागच्या जागी राहत नाहीत. अर्धे अक्षर वर, अर्धे खाली. आम्ही ते पाहिले की परत मास्किंग टेप लावायचो. थिनरचा वास आणि वर्तुळ कापायचे लांब कंपासचे पाते, अजून डोळ्यांसमोर आहे. केशरी रंग उन्हात सर्वांत आधी उतरतो. हिरवा तग धरतो. दोन वर्षे बाहेर उभ्या विमानाचे चक्र नव्या डब्यातल्या रंगाचे दाखवू नका.

आणि तुम्ही इंजिनाबद्दल लिहिलेत ते वाचून बरे वाटले. लोक विमानाचे नाक बघतात. देशाचे नशीब मागच्या बाजूला ठरते.

---

धावपट्टी | रविवार, दुपारी १:१०

काका, तुम्ही लिहिलंत हे माझं भाग्य. मृण्मयीताई, 'फारा' शंभरदा पाहिलं असेन, ते विमानाचाच भाग वाटायला लागलं होतं. पुसतो. मुकुटही.

रंगसंगतीबद्दल माझा विचार असा होता: १९७९ मध्ये पहिली जॅग्वार रॉयल एअर फोर्सकडून उसनी आली, आणि ती त्यांच्याच हिरव्या-करड्या रंगात उडत होती. तशीच पहिली व्हिगेन स्वीडनकडून तातडीने मिळाली असती तर वर्षभर तरी त्याच रंगात राहिली असती. पण चित्रात मी साल १९८१ धरलंय, तोवर रंग बदलले असते. ताईंचं बरोबर. एकतर साल १९७९ करायला हवं, नाहीतर रंग. मी रंग बदलतो.

विमान क्रमांकावरही अडलोय. जॅग्वारला जेएस, मिराज २००० ला केएफ, आपल्याकडे बनलेल्या मरुतला बीडी. व्हिगेनसाठी कुठलीही खरी अक्षरं घेतली तर ती दुसऱ्या कुणाची तरी होतात.

---

कोंडाजी | रविवार, दुपारी ३:४५

सगळे कौतुक करताहेत, मी विरोधात लिहितो. राग नसावा.

फेब्रुवारी २०१३ मध्ये इराणने काहेर-३१३ नावाचं लढाऊ विमान दाखवलं. पाठोपाठ ते दमावंद पर्वतावरून उडत असल्याचं चित्र आलं. ते जोडलेलं निघालं, पर्वताचा फोटो आधीच इंटरनेटवर होता. २००८ मध्ये त्यांच्याच क्षेपणास्त्र चाचणीच्या फोटोत चौथं क्षेपणास्त्र बाकीच्यांची नक्कल चिकटवून घातलेलं होतं आणि ते जगभरच्या वृत्तपत्रांत छापून आलं. आर्मा-३ या गेममधली दृश्यं युद्धाची म्हणून इतकी फिरली की ती बनवणाऱ्या बोहेमिया इंटरॅक्टिव्हला नोव्हेंबर २०२२ मध्ये खुलासा करावा लागला. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या वेळी आपल्याकडेही गेममधली दृश्यं खरी म्हणून फिरली. त्या रात्री लोक घराघरांत जागे होते आणि फोनवर जे येईल त्यावर विश्वास ठेवत होते.

तुमचं कारण, तुमचा इतिहास, हे सगळं धाग्यात राहतं. चित्र एकटंच बाहेर पडतं. मग तुमची तीन आठवड्यांची मेहनत खोट्याला जास्त खरं करते, एवढंच होतं. अथर्वच्या चित्रातली दोन नळकांडी तरी कुणाला संशय देतील.

---

धावपट्टी | रविवार, रात्री ८:३०

कोंडाजी, राग नाही. उलट जे लिहायचं टाळत होतो ते आता लिहितो.

या चित्राची पहिली आवृत्ती मी गेल्या वर्षी एका ठिकाणी टाकली होती. उजव्या खालच्या कोपऱ्यात 'काल्पनिक' असं बारीक अक्षरांत होतं. चार महिन्यांनी ते चित्र आमच्या घरच्या ग्रुपवर आलं. माझ्या सख्ख्या मामांनी पाठवलं होतं. कोपरा कापलेला. खाली मजकूर, की हे गुप्त विमान सीमेवर तैनात झालंय, प्रत्येक भारतीयाने पुढे पाठवावं. एका व्हिडिओ चॅनेलने ते उचललं होतं आणि तिथून ते पसरलं.

मामांना फोन केला. त्यांचा पहिला प्रश्न होता, 'म्हणजे आपल्याकडे हे नाही?' आवाज पडला होता त्यांचा. मामांचा धाकटा भाऊ सैन्यात होता. त्यांना त्या चित्राने दोन दिवस धीर दिला होता आणि तो मी काढून घेतला. त्यानंतर सहा महिने मी फोटोशॉप उघडलं नाही.

म्हणून चुका विचारतोय, आणि म्हणूनच हेही विचारतो: खूण कुठे करावी, की ती कापताच येणार नाही? चित्रभर आडवा वॉटरमार्क टाकला तर विमानच दिसत नाही. चित्राच्या फाइलमधली माहिती व्हॉट्सअॅपवर टिकत नाही.

---

वास्कोकर | रविवार, रात्री ९:२५

मामांचं वाचून वाईट वाटलं. मी गोव्याचा, दाबोळीला विमानांच्या आवाजातच वाढलो. एक बाजू राहून गेलीय ती मांडतो. ही चित्रं फक्त हौशी लोक काढत नाहीत, विमान विकणारे स्वतः काढतात. फेब्रुवारी २०१९ मध्ये बंगळुरूच्या एअरो इंडियात लॉकहीड मार्टिनने एफ-२१ म्हणून जे मांडलं, ते भारतासाठी नव्या नावाने सजवलेलं एफ-१६ होतं, आणि चित्रांत त्याच्यावर आपलं चक्र होतं. हवाई दलासाठी १२६ लढाऊ विमानं घेण्याच्या जुन्या स्पर्धेत सहा विमानं होती. त्यातल्या पाचांचे भारतीय रंग कागदावरच राहिले.

२०२२ मध्ये आमच्या आयएनएस हंसा या नौदलाच्या तळावर आधी फ्रेंच रफाल-एम आणि मग अमेरिकन सुपर हॉर्नेट येऊन चढत्या उतारावरून उडून दाखवून गेली. सुपर हॉर्नेटवर अमेरिकन नौदलाच्याच खुणा होत्या, पण त्या आठवड्यात फोनवर जी चित्रं आली त्यांत तिच्यावर भारतीय नौदल होतं. शेवटी एप्रिल २०२५ मध्ये करार झाला तो २६ रफाल-एमचा. म्हणजे सुपर हॉर्नेटही आता तुमच्या यादीत.

---

कोंडाजी | रविवार, रात्री १०:००

धावपट्टी, मामांबद्दल लिहिलंत त्याबद्दल आभार. माझा विरोध चित्राला नाही, सुट्या चित्राला आहे. खूण विमानाच्या अंगावरच का नाही करत? क्रमांक कुठला द्यावा म्हणून अडला आहात ना? तिथेच लिहा.

---

धावपट्टी | रविवार, रात्री १०:१२

क्रमांकाच्या जागी 'कल्पित'!

हे मला सुचायला हवं होतं. मागच्या धडावर, चक्राच्या शेजारी, क्रमांकाएवढ्याच मोठ्या काळ्या अक्षरांत. कापायचं तर विमानच कापावं लागेल. आणि वाचता येणाऱ्या कुठल्याही मामांना चक्राबरोबरच तो शब्द दिसेल.

पुसून टाकणारा पुसेलच, ते मला ठाऊक आहे. पण त्याला बसून पुसावं लागेल, आणि मग त्याला 'मला माहीत नव्हतं' म्हणता येणार नाही.

---

ओझरकर | सोमवार, सकाळी ७:४०

शब्द चांगला आहे. पण संगणकातला छापील फाँट घेऊ नका, चिकटवलेला दिसेल. विमानावर अक्षर पत्र्याच्या किंवा कागदाच्या साच्यातून फवारतात. साचा कापताना अक्षरातली बंद जागा सुटून पडते. इंग्रजी ओ मध्ये दोन बाजूंना पूल, म्हणजे न कापलेल्या बारीक पट्ट्या, ठेवतात तसे देवनागरीतही ठेवावे लागतात. 'क' च्या डाव्या गोलात एक पूल ठेवा. 'ल्प' मध्ये 'प' चे पोट वरून शिरोरेषेने बंद होते, तिथे शिरोरेषा तोडा. 'त' ला अडचण नाही. पहिल्या वेलांटीचा दंड आणि शिरोरेषा यांच्यामध्ये थोडी फट ठेवा, नाहीतर साचा तिथे फाटतो.

मी कागदावर काढून मुलीकडून फोटो पाठवला आहे. खाली पाहा. अक्षराची उंची मी चक्राच्या व्यासाच्या निम्मी धरली आहे.

---

मृण्मयी_उत्तरेकडून | सोमवार, दुपारी १२:१५

काका, तो कागद मी जपून ठेवणार आहे. 'क' चा पूल पाहून डोळे भरून आले. माझे आजोबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे.

धावपट्टी, एक राहिलं. व्हिगेन उतरल्यावर पुढचं चाक टेकताच इंजिनाचा झोत उलटा वळतो, त्यामुळे शेपटीवर आणि मागच्या भागावर काजळी धरते. तुमची शेपटी फार स्वच्छ आहे. पट्ट्यातला पांढरा थोडा मळवा.

---

धावपट्टी | बुधवार, रात्री ११:५०

सुधारलेलं चित्र टाकलंय. रंग बदलले, चक्र फटीपाशी तुटलंय, केशरी उतरलाय, शेपटीवर काजळी आहे, 'फारा' गेलं. काकांचा 'कल्पित' जसा कागदावर होता तसाच धडावर बसवलाय, फवाऱ्याची अस्पष्ट कडसुद्धा ठेवलीय. मामांना पाठवलं. त्यांनी लिहिलं, 'शब्द वाचला. विमान छान आहे. का नाही मिळालं ते सांग.' मग तासभर बोललो.

आता पुढचं. काका म्हणाले तसं, नशीब मागच्या बाजूला. आपल्या मरुतचंही तेच. जर्मन अभियंते कुर्ट टँक यांनी बंगळुरूत बनवलेलं लढाऊ विमान, १७ जून १९६१ ला उडालेलं, १४७ बनली. सांगाडा ध्वनीच्या वेगापलीकडे जाईल असा, पण ऑर्फियस इंजिनांत तेवढा जोर नव्हता. त्याच वेळी इजिप्त कैरोजवळ हेलवानला एचए-३०० हे विमान आणि त्यासाठी ई-३०० इंजिन बनवत होता. त्या एचए-३०० चं पहिलं उड्डाण ७ मार्च १९६४ ला केलं ते आपले वैमानिक कपिल भार्गव यांनी. १९६७ मध्ये एक मरुत इजिप्तमध्ये ई-३०० बसवून उडालंसुद्धा. १९६९ मध्ये इजिप्तने तो सगळा कार्यक्रमच गुंडाळला.

तर, ई-३०० वरचं इजिप्शियन मरुत, साल १९७०. देशाचं नाव तेव्हा अजून संयुक्त अरब प्रजासत्ताक होतं, म्हणून शेपटीवरच्या झेंड्यात दोन हिरवे तारे. अडचण एकच: मरुतच्या मागच्या भागाचे स्वच्छ, मोठे फोटो माझ्याकडे नाहीत.

---

अथर्व२००७ | गुरुवार, सकाळी ८:०५

दादा, वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरमध्ये मरुत आहे ना? मी परळला राहतो. रविवारी जातो. मागून, दोन्ही बाजूंनी आणि खालून काढू का? काका, झाकणांच्या कडांचे पण जवळून फोटो हवेत का?

---

ओझरकर | गुरुवार, सकाळी ८:३०

हवेत. फुटपट्टी शेजारी धरून काढ, म्हणजे माप कळेल. ऊन चढायच्या आत जा, सावली मऊ असते.